एकविसाव्या नोंदीने 85 लाख कॉम्प्युटर कसे बंद पडले? कर्नलमधल्या मेमरीच्या चुकीची गोष्ट

19 जुलै 2024 चा शुक्रवार आठवतोय? मुंबई, दिल्ली, बेंगळुरूच्या विमानतळांवर चेक-इनच्या लांब रांगा लागल्या होत्या. हाताने लिहिलेल्या इंडिगोच्या बोर्डिंग पासचा फोटो सगळीकडे फिरत होता. अमेरिकेत एकट्या डेल्टा एअरलाइन्सला पुढच्या काही दिवसांत सुमारे 7 हजार उड्डाणं रद्द करावी लागली.

सगळीकडे दिसत होती ती एकच निळी स्क्रीन. हा सायबर हल्ला नव्हता. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटमुळे हे घडलं होतं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार 85 लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले. जगातल्या एकूण विंडोज कॉम्प्युटरच्या तुलनेत हे प्रमाण 1 टक्क्याहूनही कमी होतं.

एका अपडेटने पूर्ण कॉम्प्युटर कसा बंद पडतो?

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. कुठल्या प्रोग्रामला किती मेमरी द्यायची, कुणी कुठे हात लावायचा नाही, हे तोच ठरवतो. तुमच्या ब्राउझरने चुकीच्या जागी हात घातला, तर कर्नल फक्त ब्राउझर बंद करतो. बाकी काम सुरू राहतं.

पण चूक कर्नलच्या आतच झाली तर? तिथे चुकलेल्या कोडला बाजूला काढणारं वर कुणीच नसतं. अशा वेळी विंडोज मुद्दाम सगळं थांबवतं, कारण तसंच पुढे चालू ठेवलं तर डेटा खराब होऊ शकतो. ती निळी स्क्रीन म्हणजे खरं तर इमर्जन्सी ब्रेक.

क्राउडस्ट्राइकचं ‘फाल्कन’ हे सॉफ्टवेअर व्हायरस लवकर पकडता यावेत म्हणून कर्नलमध्ये ड्रायव्हर बसवतं. हा ड्रायव्हर कॉम्प्युटर सुरू होतानाच चालू होतो. म्हणून त्या दिवशी कॉम्प्युटर रीस्टार्ट केला, तरी तो पुन्हा पुन्हा तिथेच अडकत होता.

नेमकी चूक काय होती?

वीस खोल्यांची चाळ आहे आणि पोस्टमनच्या हातात एकविसाव्या खोलीचं पत्र आहे. शहाणा पोस्टमन परत फिरेल. सॉफ्टवेअरला मात्र ‘आधी खोल्या मोज’ असं सांगावं लागतं, आणि इथे ते सांगितलेलं नव्हतं.

फाल्कनच्या एका नियमासाठी 21 नोंदी ठरवल्या होत्या, पण कोड प्रत्यक्षात 20 च पुरवत होता. आधीच्या चाचण्यांमध्ये एकविसाव्या नोंदीच्या जागी ‘काहीही चालेल’ असं लिहिलेलं असे, म्हणून तिकडे कुणी बघतच नव्हतं. 19 जुलैच्या फाइलमध्ये पहिल्यांदाच ती नोंद तपासायला सांगितली गेली. कोडने विसाच्या पुढे हात घातला, तिथे जे पडलं होतं तोच पत्ता समजून वाचायला गेला आणि सिस्टीम कोसळली. याला ‘आउट ऑफ बाउंड्स रीड’ म्हणतात, म्हणजे हद्दीबाहेरचं वाचन.

हे शोधलं कसं?

सिस्टीम कोसळताना विंडोज मेमरीची नोंद जपून ठेवतं. तिला क्रॅश डम्प म्हणतात. पंचनाम्यासारखंच हे. त्या क्षणी कुठली सूचना चालू होती आणि कुठला पत्ता वाचला जात होता, हे त्यात कळतं.

पण इथेच सोशल मीडिया घसरला. ‘हा नल पॉइंटरचा बग आहे’, म्हणजे कोड रिकामा पत्ता वाचायला गेला, अशी पोस्ट एक्सवर तुफान व्हायरल झाली. फाइलमध्ये नुसती शून्यं भरली होती, असंही फिरलं. मायक्रोसॉफ्टने डम्प उघडून दाखवला, तेव्हा वेगळंच दिसलं. पत्ता रिकामा आहे का, ही तपासणी कोडमध्ये आधीच होती. पत्ता रिकामा नव्हताच, तो चुकीचा होता. कंपनीच्या ऑगस्टमधल्या सविस्तर अहवालातही हद्दीबाहेरचं वाचन हेच कारण निघालं.

या फरकाने काय बिघडतं? उपाय बदलतो. रिकाम्या पत्त्याची आणखी एक तपासणी घातली असती, तरी हा अपघात टळला नसता. इथे गरज होती ती नोंदी मोजण्याची.

मग पुढे काय?

सदोष अपडेट 78 मिनिटांत मागे घेतलं गेलं. पण तोवर बंद पडलेल्या अनेक कॉम्प्युटरपाशी माणसाने जाऊन, सेफ मोडमध्ये ती फाइल हाताने काढावी लागली.

त्यानंतर क्राउडस्ट्राइकने नोंदी मोजणारी तपासणी घातली. असे अपडेट सगळ्यांना एकदम न देता टप्प्याटप्प्याने द्यायचं ठरवलं. मायक्रोसॉफ्टही सुरक्षा सॉफ्टवेअर कर्नलच्या बाहेरून चालेल, अशी सोय तयार करत आहे. ॲपलने मॅकवर ही वाट आधीच धरली होती.

कर्नलच्या बाहेर गेलं म्हणून सॉफ्टवेअरमधल्या चुका थांबणार नाहीत. पण तीच चूक बाहेर झाली असती, तर एक प्रोग्राम बंद पडला असता आणि विमानतळावरची रांग पुढे सरकत राहिली असती. म्हणून ‘चूक कुणाची’ इतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे, ‘इतक्या आत कुणाला येऊ द्यायचं?’

आणि पुढच्या वेळी अशी निळी स्क्रीन ट्रेंड झाली, तर पहिल्या तासातली ‘खरं कारण सापडलं’ ही पोस्ट फॉरवर्ड करण्याआधी थांबा. डम्प उघडून कुणी काय दाखवलंय, ते आधी बघा.