अरुंद गल्ल्यांचे प्रशस्त गाव

अनोळखी शहराची पहिली ओळख डोळ्यांना होते म्हणतात. स्पेनमधल्या पोंतेवेद्राची ओळख मला आधी कानांनी करून दिली. भर गावात ऐकू येत होते ते कपबश्यांची किणकिण, मुलांचा कालवा आणि माणसांची पावले. हॉर्न नाही!

सुमारे ८० हजार वस्तीचे हे गाव. जुन्या भागात रस्ता आणि पदपथ असा भेदच नाही. सारी दगडी फरसबंदी एका पातळीत. काठी टेकणारे आजोबा आणि बाबागाडी ढकलणारी आई मधोमध निवांत चालतात. नगरपालिकेचा ‘मेट्रोमिनुतो’ नकाशा तर भुयारी रेल्वेचाच वाटावा. पण भुयारी रेल्वे इथे नाहीच. त्यातले आकडे आहेत पायी लागणाऱ्या मिनिटांचे.

ही जुन्या गल्ल्यांची पुण्याई नव्हे. याच गल्ल्या एकेकाळी मोटारींनी तुंबत. १९९९ साली महापौर झालेल्या मिगेल लोरेस यांनी, पेशाने डॉक्टर असलेल्या या गृहस्थांनी, जुन्या गावातून मोटारी हटवल्या आणि बाहेरच्या बाजूला मोफत वाहनतळ दिले. दुकानदार कुरकुरले, निर्णय टिकला.

रस्ते अरुंद, मग चालायला जागा कुठून आणायची, असे आपण म्हणतो. तिथे गल्ल्या अरुंद, म्हणूनच त्या चालणाऱ्यांना दिल्या. प्रश्न रुंदीचा नाही, मान कोणाला द्यायचा याचा आहे. आठ वर्षांचा नातू आणि ऐंशीची आजी कोपऱ्यावरच्या दुकानात निघाली, तर घरच्यांच्या जिवाला घोर लागू नये. शहराकडून याहून जास्त काय मागायचे?