कल्याणचा बिशप

गेल्या महिन्यांत आमच्या लेखणीकडून एक घाई झाली. 'ख्रिस्ती धर्म आमच्या पश्चिम किनाऱ्यावर फिरंग्यांच्या गलबतांतून उतरला,' असें विधान आम्ही सहज करून गेलों. अकोल्याच्या एका वाचक भगिनींनीं पत्र धाडून एवढेंच विचारलें, 'मग कल्याणच्या बिशपाचें काय?' पत्र दुपारच्या चहाच्या वेळीं घरांत सर्वांसमक्ष वाचलें गेलें. आमचे वडील बंधु म्हणाले, 'उत्तर देऊं नकोस, लोक विसरतील.' वहिनी म्हणाल्या, 'भाऊजी, चूक छापली तशी दुरुस्तीही छापा.' वहिनींचेंच म्हणणें रास्त होतें. तेव्हां ह्या महिन्याचीं पानें त्या दुरुस्तीचीं.

आपणां अमरावती-अकोल्याच्या मंडळींस कल्याण ठाऊक आहे तें जंक्शन म्हणून. रात्रीं गाडींत बसावें आणि पहाटे कोणी तरी 'कल्याण आलें' म्हणून हलवावें, एवढाच आपला त्याचा परिचय. मुंबई-ठाणें ही पहिली आगगाडी १८५३ सालीं धावली आणि दुसऱ्याच वर्षीं ती कल्याणपर्यंत आली. परंतु आगगाडीच्या पूर्वीं अठराशें वर्षें उल्हास नदीच्या खाडीवरील हें गांव परदेशच्या व्यापाऱ्यांस माहीत होतें.

पहिल्या शतकांत मिसर देशांतील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें आपल्या समुद्राची वाटाडी पोथी लिहिली. 'पेरिप्लस' ह्या नांवानें ती प्रसिद्ध आहे. पैठणचे अकीक आणि तेरचें कापड गाड्यांवर लादून बिकट वाटांनीं भडोचला कसें जाई, हें तींत आहे. कल्याणविषयीं तो म्हणतो कीं, थोरल्या सरगनाच्या काळीं (हा कोणी सातकर्णि असावा असें मानतात) येथें रीतसर व्यापार चाले. पुढें सत्ता पालटली आणि येथें शिरलेलीं ग्रीक गलबतें पहाऱ्यांत भडोचला नेलीं जाऊं लागलीं. जकातीचें भांडण तेव्हांही होतेंच! हे यवन केवळ बंदरावरून परत जाणारे नव्हते. कार्ल्याच्या चैत्यगृहांत धेनुकाकट गांवच्या यवनांनीं दिलेले खांब आजही उभे आहेत, आणि दात्यांचीं नांवें त्यांवर कोरलेलीं आहेत. नाशिकचें एक लेणें दातामिति नगराच्या इंद्राग्निदत्त नामक यवनानें खोदविलें. नांव इंद्राचें, अग्नीचें. दान बौद्ध भिक्षूंस. आणि जात यवनाची. आजच्या वधूवरसूचक मंडळाच्या छापील अर्जांत हे गृहस्थ कोठें बसले असते, कोण जाणे.

आतां बिशपाकडे येऊं. इसवी सन ५५० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या कॉस्मस नामक ग्रंथकारानें, जो आधीं व्यापारी व मग मठवासी झाला, एक विलक्षण ग्रंथ लिहिला. पृथ्वी गोल मानणाऱ्यांची त्यानें त्यांत मनसोक्त टवाळी केली आहे; त्याच्या मतें विश्व पेटीसारखें असून पृथ्वी तिच्या तळाशीं सपाट पसरलेली! असल्या ग्रंथावर विश्वास कोणीं ठेवावा? परंतु हाच मनुष्य बंदरांची यादी करूं लागला कीं व्यापाऱ्याच्या खातेवहीसारखा चोख होतो. कल्याणहून तांबें, शिसवी लांकूड आणि कापड निघतें, असें तो नमूद करतो. आणि त्याच ओघांत सांगतो: सिंहलद्वीपांत ख्रिस्ती मंडळी आहे, मिऱ्यें पिकतात त्या मलबारांतही आहे, आणि कल्याण येथें इराणांतून नेमलेला बिशप आहे.

कांहीं पंडितांनीं हें कल्याण म्हणजे उडुपीजवळचें कल्याणपुर असा तर्क केला. आम्हांस तो पटत नाहीं. कॉस्मसची यादी उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरते: सिंध, सौराष्ट्र, कल्याण, चौल, आणि मग मलबारचीं पांच बंदरें. चौलच्या आधीं आणि सौराष्ट्रानंतर दुसरें कोणतें कल्याण आणावयाचें?

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. इराणांतील ह्या चर्चचें मुख्य पीठ तैग्रिस नदीवर सेल्यूकिया-क्टेसिफॉन ह्या जोडनगरांत होतें. सेल्यूकिया हें मूळ ग्रीक शहर. चंद्रगुप्त मौर्याशीं तह करून ५०० हत्ती घेऊन गेलेल्या त्या सेल्यूकसानेंच तें इसवी सनापूर्वीं ३०० च्या सुमारास वसविलें. तेथें ४१० सालीं धर्मसभा भरून ह्या चर्चची घडी बसली. त्याचा रोमच्या पोपशीं संबंध नव्हता. प्रार्थना सिरियाक भाषेंत चालत. कॉस्मसचा गुरु मार आबा हा पुढें ह्याच पीठावर प्रमुख म्हणून बसला, आणि शिष्य तें अभिमानानें लिहून ठेवतो. कल्याणास बिशप कोठून येतो, हें ज्यास गुरूकडूनच कळण्यासारखें होतें, त्याची ह्या बाबतींतली साक्ष बाजारगप्प म्हणून कशी टाकावी? कल्याणची ही मंडळी बहुतांशीं इराणी व्यापाऱ्यांचीच असावी असें आम्हांस वाटतें. पण बिशप नेमावा एवढी ती मोठी व स्थिर होती, हें निश्चित. वास्को द गामा येण्यास तेव्हां साडेनऊशें वर्षें अवकाश होता.

कोणी ह्याहूनही मागें जातात आणि ख्रिस्ताचा शिष्य बार्थोलोम्यू स्वतः कल्याणास उतरला असें मांडतात. त्यास आधार एवढाच कीं, चौथ्या शतकांतील युसेबियस त्यास 'इंडिया'त गेलेला म्हणतो. ग्रीकांची 'इंडिया' कित्येकदां अरबस्तानापर्यंत ताणली जाई. एक चूक दुरुस्त करतांना दुसरी पदरीं घेण्याची आमची तयारी नाहीं.

पुढें काय झालें? १३२१ सालीं कल्याणच्याच खाडीवर खालीं, ठाण्यास, चार फ्रान्सिस्कन साधु मारले गेले. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं तेथें आलेला प्रवासी ओदोरिक लिहितो कीं, ठाण्यांत नेस्तोरियन ख्रिस्त्यांचीं पंधरा घरें आहेत. नेस्तोरियन म्हणजे त्याच इराणी परंपरेचे. ओदोरिक त्यांस पाखंडी म्हणतो. कल्याणचा बिशप आणि हीं पंधरा घरें ह्यांमध्यें पाऊणआठशें वर्षें आहेत. फिरंगी आले ते ह्या घरांच्याही मागून.

भगिनींनीं पत्राच्या शेवटीं विचारलें आहे कीं, कल्याणास उतरलें तर ह्यांतलें काय पाहावयास मिळेल. त्या चर्चचा दगडही तेथें दिसत नाहीं. गोव्यांत जुवारीकांठीं आगशी येथें २००१ सालीं पहलवी लेख असलेला एक क्रूस सांपडला. तसें भाग्य कल्याणास लाभलेलें नाहीं. जुनें कल्याण पाहावयाचें तर बोरिवलीकडून कान्हेरीस जावें. तेथील लेण्यांना देणग्या देणाऱ्यांत कल्याणचे व्यापारी आहेत, सोनार आहेत, लोहारही आहेत. आपापलें नांव व गांव ते भिंतीवर कोरून गेले आहेत. सकाळीं लवकर निघावें. चढ बराच आहे, आणि शिलालेख वाचावयास तिरपें ऊन बरें पडतें.