उंचीचं तिकीट किती?

डेडलाइनने माझी झोप उडवली नसेल एवढी शाळेच्या प्रोजेक्ट्सनी आमच्या घराची उडवली आहे. परवाचीच गोष्ट. पुतणी (वय वर्षं सात, थाट मुख्याध्यापिकेचा) शाळेतून आली ती फर्मान घेऊनच. ‘वरून दिसणारं माझं शहर’ असं चित्र काढायचं. सोमवारी द्यायचं. आणि मुख्य म्हणजे मोबाइलवर बघून काढायचं नाही, स्वतःच्या डोळ्यांनी बघून काढायचं!

“आत्या, आपण वरून कुठून बघायचं?”

घ्या. आली का पंचाईत?

आमचं बिऱ्हाड खोताच्या वाडीच्या तोंडाशी, एका जुन्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. वाडीत उंची म्हणजे काय, तर बंगल्याच्या बाहेरून वर जाणारा लाकडी जिना. तळमजला, वर एक मजला, त्यावर कौलं. संपली उंची. पाठारे प्रभू दादोबा वामन खोतांनी इथल्या जागा ईस्ट इंडियन कुटुंबांना विकल्या आणि ही वाडी उभी राहिली, असं तिच्याबद्दल सांगतात. एकेकाळी इथे पासष्ट घरं होती, आता त्यातली निम्मीही उरलेली नाहीत. वाडीत उभं राहून मान वर केली की दोन कौलांमधून आकाशाची एक पट्टी दिसते आणि त्या पट्टीत खुपसलेला एखादा टॉवर. थोडक्यात काय, तर आम्ही सगळ्यांना वरून दिसतो, आम्हाला मात्र वरून कोणीच दिसत नाही.

“आपल्या गच्चीवरून दिसायची की चौपाटी,” आजीने आतून आवाज दिला. “पापड वाळत घालताना भरती आहे की ओहोटी ते कळायचं.”

आता गच्चीला कुलूप आहे. इमारत धोकादायक झाली आहे. आणि कुलूप उघडलं तरी दिसणार काय? समोरच्या टॉवरचे पार्किंगचे मजले!

तर मंडळी, मोहीम ठरली. रविवार एक, माणसं पाच (आजी, आई, बाबा, मी आणि मुख्याध्यापिका), बजेट रुपये पाचशे. उंचावरून मुंबई बघायची.

पहिली आयडिया अर्थातच हॉटेलची. एका पंचतारांकित हॉटेलच्या माथ्यावरच्या बारमध्ये मी एकदा कामानिमित्त जाऊन आलेय. व्ह्यू एकदम सॉलिड. मेन्यू कार्ड त्याहून सॉलिड. तिथल्या दोन ज्यूसमध्ये आमच्या घरात आठवड्याची भाजी येते. शिवाय फोन करून विचारलं तर कळलं, संध्याकाळी लहान मुलांना प्रवेश नाही. विषय कट.

यावर बाबांना त्यांचा जमाना आठवला. चर्चगेटच्या अँबॅसेडर हॉटेलवर फिरतं रेस्टॉरंट होतं, तो त्या काळचा श्रीमंतीचा कळस. “तुम्ही गेला होतात?” मी उडालेच. “छे गं. मी आणि तुझी आई खाली मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसायचो आणि ते खरंच फिरतं का ते बघायचो.” आई लाजली. माझा मात्र मुद्दा पक्का झाला. या शहरात मध्यमवर्गाने उंची नेहमी खालूनच बघितली आहे.

मग म्हटलं, एखादा जुना मनोरा? राजाबाई टॉवर घ्या. प्रेमचंद रायचंद यांनी देणगी दिली, आईचं नाव द्यायला सांगितलं आणि १८७८ मध्ये ८५ मीटरचा हा घड्याळाचा मनोरा पूर्ण झाला. एकेकाळी लोक वर जायचे. पण वरून उड्या मारून जीव देण्याचे प्रकार झाले आणि सर्वसामान्यांसाठी वरची वाट बंद झाली. आणि नवे टॉवर? श्रीनिवास मिलच्या जागेवरची वर्ल्ड वन २८० मीटर उंच आहे, पण तिथे वर जायचं तर तिकीट नाही, फ्लॅट घ्यावा लागतो! आमच्या गिरगावात तर मेट्रो आली, ऑक्टोबर २०२५ मध्ये, तीही जमिनीच्या पोटातून. म्हणजे आमची प्रगतीसुद्धा खालच्या दिशेनेच.

शेवटी फंडा क्लिअर केला तो बाबांनी. ते महापालिकेच्या पाणी खात्यातून रिटायर झालेत. चष्मा पुसत म्हणाले, “तुला फुकटातली उंच जागा हवी ना? मग पाणी कुठे साठवतात ते बघ.”

म्हणजे?

म्हणजे असं की पाणी उतारावरून येतं. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा. तिकडचं पाणी शहरात आणून घराघरांत पोचवायचं तर ते आधी उंचावर साठवायला हवं. म्हणून टेकड्यांच्या माथ्यावर जलाशय बांधले. जलाशयावर इमारत कशी बांधणार? मग वर माती टाकून बाग केली. मलबार हिलचं हँगिंग गार्डन, म्हणजेच फिरोजशाह मेहता उद्यान, हे असं १८८१ मध्ये जलाशयाच्या डोक्यावर झालेलं. माझगावच्या भंडारवाडा टेकडीवरचं जोसेफ बॅप्टिस्टा उद्यानही जलाशयावरच. दोन्हीकडे प्रवेश फुकट! गेली कित्येक वर्षं मी हँगिंग गार्डनला जातेय, पण आपण पाण्याच्या टाकीवर भेळ खातोय हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

प्लॅन ठरला. सकाळी पूर्व, संध्याकाळी पश्चिम. मधे घरी वरण-भात आणि आजीची वामकुक्षी.

रविवारी सकाळी आजीला घरी ठेवून आम्ही चौघं बसने सीएसएमटीला आणि तिथून हार्बर लोकलने निघालो. मशीद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड. तिसरं स्टेशन, तिकीट पाच रुपये. स्टेशनच्या डोक्यावरच टेकडी आहे. चढ आहे, पण आईनेही दोन थांबे घेत पार केला. आणि वर पोचल्यावर... अहाहा! आपण चौपाटीवाले समुद्र म्हणजे सूर्यास्त असं धरून चालतो. इथे समुद्र कामावर निघालेला होता. गोदी, क्रेन्स, गोदामांची छपरं, नांगर टाकून उभी असलेली जहाजं, मागे पलीकडच्या किनाऱ्याचे धूसर डोंगर. खालून खेळण्यातल्यासारखी लोकल गेली. मुख्याध्यापिकाबाईंनी वही उघडली आणि क्रेन्स मोजायला घेतल्या.

ज्यांच्या नावाची ही बाग, ते काका बॅप्टिस्टा माझगावच्या माथारपाखाडीतले ईस्ट इंडियन. लोकमान्य टिळकांचे सहकारी, १९१६ मध्ये होमरूल लीगचे अध्यक्ष, पुढे १९२५ मध्ये मुंबईचे महापौर. वाडीतल्या आमच्या शेजारच्या अंकलना हे सांगितलं तर म्हणाले, “आमचाच माणूस आहे तो, माहीत आहे मला. तू एवढ्या वर्षांनी गेलीस काय?” आता यावर काय बोलणार?

संध्याकाळी आजीला घेऊन टॅक्सीने कमला नेहरू पार्क गाठलं. गिरगावातून भाडं शंभराच्या आत. म्हातारीच्या बुटाला रीतसर सलामी दिली आणि चौपाटीच्या बाजूच्या कठड्याशी आलो. खाली चौपाटीची वाळू, तिथून नरिमन पॉइंटपर्यंत गेलेला मरीन ड्राइव्हचा बाक आणि मागे इमारतींची गर्दी. मला वाटलं, आजी आता समुद्र बघून खूश होणार.

आजीने समुद्राकडे ढुंकूनही बघितलं नाही.

“आपलं घर कुठेय?” तिने विचारलं.

आम्ही शोधायला लागलो. चर्नी रोड स्टेशन इथे, म्हणजे ठाकूरद्वार तिकडे, म्हणजे वाडी... बाबांनी बोट फिरवलं, मी मोबाइलचा कॅमेरा झूम केला. कौलं दिसेनात. चाळ दिसेना. दिसत होते फक्त टॉवर, एकापुढे एक. शेवटी पुतणी ओरडली, “ती पिवळी क्रेन! आपल्या खिडकीतून दिसते ती!”

तीच होती. वाडीमागच्या बांधकामाची. “म्हणजे तिच्या पायाशी आपण,” आजी म्हणाली आणि कितीतरी वेळ त्या क्रेनकडे बघत राहिली.

आता जरा घरचं सांगते. आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली आहे. मागच्या महिन्यात मीटिंगमध्ये नकाशा भिंतीवर लावला होता. दोन इमारती. पुढची विक्रीची, तिचं तोंड समुद्राकडे. मागची आम्हा भाडेकरूंची, तिचं तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे. आम्हाला मजला मिळणार बाविसावा. म्हणजे समुद्र विकत घेणाऱ्यांना, आम्हाला लिफ्ट! तरीही आम्ही सह्या केल्या, आणि त्यात चूक केली असं मला वाटत नाही. गळकं छत आणि गॅलरीच्या टोकाचं सामाईक संडास यांचं कौतुक ज्यांना त्यात राहायचं नाही त्यांनी करावं. पण नकाशा बघून आल्यापासून आजी गप्प होती, ते का हे मला त्या कठड्याशी उभं राहिल्यावर कळलं. बाविसाव्या मजल्यावर गेल्यावरही तिला भरती-ओहोटी कळणार नाहीये.

मग वाटलं, शहर वरून बघणं ही फक्त पैशाची चैन का असावी? टोकियोत महानगर सरकारच्या स्वतःच्या इमारतीत ४५ व्या मजल्यावर, २०२ मीटर उंचीवर, कोणीही फुकट जाऊन शहर बघू शकतं. लंडनमध्ये एका ऑफिस टॉवरला परवानगी मिळाली ती माथ्यावर लोकांसाठी बाग ठेवण्याच्या बोलीवर. ती स्काय गार्डन २०१५ मध्ये उघडली आणि आधी नाव नोंदवलं की प्रवेश मोफत. आपल्याकडे एवढे टॉवर उठले, त्यातल्या एखाद्याच्या माथ्यावर शहराच्या नावाने चार बाकडी का नसावीत? पार्किंगला दहा-दहा मजले देतो आपण, आकाशाला अर्धा मजला नाही देऊ शकत?

तोपर्यंत जुन्या टाक्या आणि जुने किल्ले जिंदाबाद. इंग्रजांनी पाण्यासाठी आणि तोफांसाठी उंच जागा अडवून ठेवल्या, म्हणून त्या अजून आपल्या आहेत.

तुम्हीही निघणार असाल तर थोड्या टिप्स. दादर-परळकरांनी शीवचा किल्ला गाठावा. १६६९ ते १६७७ या काळात बांधलेला, स्टेशनपासून जवळ. पायथ्याशी बाग असल्यामुळे चढायला नको म्हणणाऱ्यांचीही सोय होते. लालबागकरांना शिवडीचा किल्ला आहे. समोर खाडी आणि जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू. मलबार हिलवर कमला नेहरू पार्कजवळ मार्च २०२५ मध्ये झाडांच्या शेंड्यांमधून जाणारी लाकडी पायवाट सुरू झाली. जवळजवळ अर्धा किलोमीटर लांब, तळाला काच असलेला एक सज्जाही आहे. भारतीयांना तिकीट २५ रुपये, पण ऑनलाइन बुकिंग आधी करा, वेळ ठरलेली असते. गुडघे अगदीच संपावर असतील तर डबल डेकर! जुन्या लाल डबल डेकर सप्टेंबर २०२३ मध्ये गेल्या, पण सीएसएमटी ते एनसीपीए या ११५ नंबरवर २०२३ मध्येच एसी डबल डेकर आल्या. वरची पुढची सीट पकडायची, बाकी काही करायचं नाही. एसी बसचं किमान भाडं मे २०२५ पासून १२ रुपये. मोनोरेलमधूनही मध्य मुंबईची छपरं मस्त दिसायची, पण सप्टेंबर २०२५ मध्ये ती सुधारणेसाठी थांबवली होती, तेव्हा आधी चौकशी करा. आणि कुठेही जा, भर दुपार टाळा, पाणी आणि दुर्बीण न्या. दुर्बीण खेळण्यातली असली तरी पोरं एक तास शांत राहतात.

आमचा हिशोब सांगायचा तर बस, लोकल, जाता-येता टॅक्सी, दोन भेळ, चार चहा, पाचशेतून पैसे उरले. त्यातून आजीने वाडीतल्या आयडियलचे वेफर्स मागवले.

रात्री पुतणीने चित्र रंगवलं. डावीकडे सूर्यास्त, उजवीकडे जहाजं (भूगोल टीचर बघून घेतील). मधे कागदभर उंच पिवळी क्रेन आणि तिच्या पायाशी बोटाच्या पेराएवढं तपकिरी काहीतरी.

“हे काय गं?” मी विचारलं.

“आपलं घर.”

“पण ते तर दिसलं नाही ना आपल्याला?”

“आजी तिकडेच बघत होती,” ती म्हणाली, आणि कौलांना लाल रंग द्यायला लागली. आमच्या चाळीला कौलं नाहीत, पत्रे आहेत. मी काही बोलले नाही.