भिंतींवरील जुनीं चित्रें आणि आमची हौस

गेल्या उन्हाळ्यांत नांदेड जिल्ह्यांतील एका गांवचे दोन सद्गृहस्थ आमच्या शाळेंत आले होते. दोघेही याच शाळेचे जुने विद्यार्थी; त्यांपैकीं एकास मीं स्वतः मराठी शिकविलें आहे. त्यांच्या गांवीं एक जुना मठ आहे व त्याच्या सभामंडपाच्या भिंतींवर हत्तीवरील स्वार, केळीचे खांब, मोर, दशावतार अशीं चित्रें आहेत. रंग फिके पडले, कोठें कोठें पोपडे सुटले, म्हणून गांवकऱ्यांनीं वर्गणी जमविली व ऑइल पेंटनें सर्व चित्रें पुन्हां नवीं करून घ्यावयाचें ठरविलें. त्यांस आमच्या चित्रकलेच्या शिक्षकांची आणि चारदोन हुशार मुलांची मदत हवी होती. हेतु इतका चांगला कीं, नाहीं म्हणावयास जीभ धजेना. तरी मीं नाहीं म्हटलें. कां म्हटलें, हें त्या दिवशीं चहा निवेपर्यंतच्या वेळांत नीट सांगतां आलें नाहीं, म्हणून हा लेख.

प्रथम माझाच अपराध सांगतों. वीसएक वर्षांपूर्वीं, मी नुकताच नोकरीस लागलों असतां, लातूर जिल्ह्यांतील एका खेड्यांत मुलांचें श्रमदान-शिबिर घेऊन गेलों होतों. ता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेस किल्लारीच्या बाजूस जो भूकंप झाला, त्यांत दगडमातीच्या भिंतींनीं व त्यांवरील जड माळवदांनींच हजारों माणसें मारलीं. त्या दिवसापासून आमच्याकडील लोकांस जुन्या घराचें भय बसलें, आणि जे वाडे भूकंपानें पाडले नव्हते त्यांतले कित्येक पुढें त्यांच्या धन्यांनींच पाडले. त्यांस दोष कोणी द्यावा? पण या खेड्यांतील एक वाडा उभा राहिला होता व त्याच्या ओसरीच्या भिंतीवर चित्रें होतीं. धुरानें व धुळीनें तीं काळवंडलीं होतीं. मीं मुलांच्या हातीं बादल्या व ओलीं फडकीं दिलीं. दहा मिनिटांत एका बादलींतलें पाणी गेरूसारखें लाल झालें, दुसरींतलें हळदीसारखें पिवळें झालें. आणि मळ निघतो आहे असें समजून मीं मुलांस शाबासकी दिली! इतक्यांत वाड्याच्या मालकीणबाई, फार वृद्ध होत्या, आंतून काठी टेकीत आल्या. भिंतीकडे बराच वेळ पाहून त्यांनीं एवढेंच विचारलें, "मास्तर, मोर कुठं गेला हो?" त्या रागावल्या नाहींत. मुलांस ताकही पाजलें. मोर कोठें गेला तें मला ठाऊक होतें. तो अंगणांतल्या मोरींतून वाहून गेला होता.

पुढें वाचन केलें तेव्हां कळलें कीं, भिंतीवरील चित्र दोन रीतींनीं काढतात. चुन्याचा गिलावा ओला असतांनाच त्यावर रंग दिला, तर चुना हवेंतील कर्बवायु शोषून दगडासारखा होतो व रंग त्याच्या पोटांत कायमचा कोंडला जातो. दुसरी रीत गिलावा सुकल्यावर डिंकांत किंवा सरसांत कालविलेला रंग लावण्याची. तेथें रंग केवळ वर बसलेला असतो, आणि पाणी लागलें कीं डिंक सुटतो व रंगही सुटतो. आमचा मोर या दुसऱ्या जातीचा होता. ज्या गोष्टीची परीक्षा करतां येत नाहीं तिला ओलें फडकें लावूं नये, हें मला कोणत्याही परीक्षेंत कोणी विचारलें नव्हतें.

माझें अज्ञान लहान गांवांतलें. पण आपल्याच मराठवाड्यांत, अजिंठ्यास, याच जातीच्या चुका मोठमोठ्या विद्वानांच्या हातून झाल्या आहेत. तेथील चित्रेंही सुक्या गिलाव्यावरचीं. माती, वाळू, साळीचा तूस व गवताचे तंतु यांचा लेप, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि वर गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी व दूर अफगाणिस्तानांतून आणलेला निळा राजावर्त, असा तो थाट आहे. ता. २८ एप्रिल १८१९ रोजीं जॉन स्मिथ नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यास शिकारीच्या नादांत हीं लेणीं दिसलीं, आणि त्यानें दहाव्या लेण्यांत खांबावरील बोधिसत्त्वाच्या चित्रावर आपलें नांव व तारीख कोरून ठेविली. शोध आणि नाश एकाच दिवशीं सुरू झाले! डॉक्टर बर्ड नांवाच्या एका गृहस्थानें चित्रांतील आकृति भिंतीवरून सोलून नेण्याचा प्रयत्न केला. त्यांची माती झाली. मग नकला करविण्याची कल्पना निघाली. मेजर रॉबर्ट गिल यानें १८४४ पासून वर्षानुवर्षें खपून ज्या नकला केल्या त्यांतील बहुतेक १८६६ मध्यें लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगींत गेल्या. त्यानंतर मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स साहेब व त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून पुष्कळ वर्षें झटले. त्यांच्याही कित्येक नकला १८८५ मध्यें लंडनमध्येंच जळाल्या. ज्या वस्तु सुरक्षित राहाव्या म्हणून सातासमुद्रापार नेल्या त्या भस्म झाल्या, आणि वटवाघळांच्या सहवासांत राहिलेलें मूळ चित्र टिकलें.

परंतु मला अधिक बोधप्रद वाटते ती निजाम सरकारची हकीकत. त्या वेळीं आमचे सारेच जिल्हे हैदराबाद संस्थानांत होते. संस्थानाचें पुरातत्त्व खातें १९१४ मध्यें निघालें व गुलाम यझदानी हे त्याचे प्रमुख झाले; अजिंठ्यावरील त्यांचे चार भाग १९३० ते १९५५ पर्यंत छापले गेले. या सरकारनें खर्चाकडे न पाहतां १९२० ते १९२२ च्या सुमारास इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी व त्यांचे साहाय्यक काउंट ओर्सिनी यांस बोलाविलें. त्यांनीं सुटूं लागलेला गिलावा भिंतीस पुन्हां चिकटविला, तुटलेल्या कडा बांधल्या. हें काम उत्तम झालें, आणि तें न होतें तर आज पुष्कळ चित्रें दिसलीं नसतीं. पण त्यांनीं चित्रांवर चपड्याचा, म्हणजे सुतार पॉलिशास वापरतात त्याच लाखेचा, हातही दिला. त्या दिवशीं रंग कसे झळकले असतील! कांहीं वर्षांत ती लाख पिवळी, मग तपकिरी झाली. तिनें धूळ धरली. ती आंखडली आणि खालच्या रंगाचे पापुद्रे ओढूं लागली. पुढें भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या रसायनज्ञांस ती लाख इंच इंच काढीत बसावें लागलें. यांत कोणी आळशी नव्हता, कोणी चोर नव्हता. उत्तमांतले उत्तम कारागीर होते व मनापासून काम केलें होतें. काढतां न येणारी वस्तु चित्रावर घातली, एवढीच चूक.

(येथें एक गंमत सांगतों, मुलांनीं तिचा भलता अर्थ करूं नये. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या लेपांत भांगेच्या झाडाचे तंतु मिसळलेले आहेत असें दोघा संशोधकांनीं २०१६ मध्यें प्रसिद्ध केलें. अजिंठ्यास तसें नाहीं. तेथें किड्यांनीं पुष्कळ लेप खाल्ला, वेरूळास फारसा खाल्ला नाहीं, आणि याचें कारण ती भांगच असावी असें त्यांचें मत आहे.)

आतां याच्या उलट गोष्ट पाहा. इंग्लंडांत सोळाव्या शतकांत धर्मसुधारणेच्या काळीं देवळांच्या भिंतींवरील चित्रें मूर्तिपूजेचीं म्हणून चुन्यानें पुसून टाकण्याचा हुकूम निघाला. स्ट्रॅटफर्ड गांवच्या एका प्रार्थनामंदिरांतील चित्रांची वासलात लावल्याबद्दल दोन शिलिंग खर्च १५६४ च्या आरंभीं हिशेबांत लागलेला आहे, आणि तो हिशेब ठेवणारा जॉन शेक्स्पिअर म्हणजे आमच्या पाठ्यपुस्तकांतील नाटककाराचा बाप! पण १८०४ मध्यें तो चुना खरवडला तेव्हां खालीं चित्रें सांपडलीं. द्वेषाचा चुना काढतां आला. प्रेमाची लाख निघतां निघत नाहीं. आम्हां ख्रिस्ती माणसांस यांत लाजावयासारखें आहे व थोडें हसावयासारखेंही आहे.

मठाकडे वळतों. ऑइल पेंटविषयीं माझी हरकत सौंदर्याची नाहीं. चुन्याची वा मातीची भिंत श्वास घेते. जमिनींतून चढलेली ओल ती हवेंत सोडते. तिच्यावर तेलाच्या रंगाची कातडी चढविली कीं ओल आंत कोंडते, लोणा तिच्या पाठीशीं फुलतो आणि चार पावसाळ्यांत नवा रंग फुगून पडतो. पडतांना जुन्यास घेऊन पडतो. सिमेंटच्या गिलाव्याचेंही हेंच.

"पण मास्तर, हें कांहीं म्युझियम नव्हे, येथें रोज लोक येतात, देवाचें घर झकपक नको कां?" असें माझा विद्यार्थी म्हणाला. या बोलण्यांत तथ्य आहे, आणि मीं तें उडवून लावलें नाहीं. वापरांतील जागा पूर्वींही पुन्हां पुन्हां रंगविल्या जात; आज जुनें म्हणून आपण जें जपूं पाहतों, त्याच्याखालीं त्याहून जुनें दडलेलें असूं शकेल. मात्र पूर्वींचा रंगारी त्याच चुन्यानें, त्याच गेरूनें, त्याच घराण्याच्या हातानें काम करी. मेणवलीस नाना फडणविसांच्या वाड्यांत जीं चित्रें आहेत त्यांचा हात आज कोणाजवळ आहे? आमच्या चित्रकलेच्या शिक्षकांनीं मला स्पष्ट सांगितलें कीं, "मी चांगला मोर काढीन, पण तो माझा मोर होईल."

चीन देशांत दुनहुआंग येथें अजिंठ्यासारखींच मातीच्या लेपावरील चित्रांचीं लेणीं आहेत. तेथून १९२४ मध्यें लँग्डन वॉर्नर नांवाच्या अमेरिकन विद्वानानें गोंद लावलेल्या कापडानें चित्रांचे तुकडे उपटून नेले. पुढें १९४४ मध्यें चिनी लोकांनीं त्या वाळवंटांत संशोधनसंस्था काढली. तिचे आरंभींचें काम नकला करण्याचें व वाळू झाडण्याचें होतें. आज यात्रेकरूंची रोजची संख्याही ठरलेली आहे, कारण माणसाच्या उच्छ्वासांतही पाणी असतें. वाळू झाडणें हें काम वर्गणीदारांच्या पाटीवर लिहिण्याजोगें नव्हे, हीच खरी अडचण आहे. कोणी "या भिंतीस कांहीं केलें नाहीं" म्हणून आपलें नांव कोरून घेत नाहीं.

म्हणून त्या दोघांस मीं पत्रानें असें कळविलें आहे. जमलेली वर्गणी आधीं छपरावर खर्च करावी, कारण भिंतीचें पाणी वरून येतें. चित्रांपासून हातभर अंतरावर लांकडी कठडा घालावा. समया व उदबत्त्या त्याच्या अलीकडे ठेवाव्या. भिंतीस पाणी, तेल, रोगण, कांहींही लावूं नये. मठाच्या बाहेरील नवी भिंत आमच्या मुलांस द्यावी. तीवर ती हवे तितके मोर काढतील व खालीं सर्व वर्गणीदारांचीं नांवें येतील. आणि दिवाळीच्या सुटींत मी नववीचा वर्ग घेऊन येईन, प्रत्येक चित्राचें फूटपट्टी लावून छायाचित्र घेऊं, गांवांतील वृद्धांस कोणतें चित्र कशाचें तें विचारून लिहून घेऊं. शिडी व कॅमेरा आमच्याजवळ आहेत. छपराच्या भेगेंत रुजलेलें पिंपळाचें रोप तेवढें गांवानें आम्ही येण्यापूर्वीं काढून ठेवावें.