संन्याशाला सुळी

पेन्शनरांच्या घरी दोन प्रकारची पाकिटे येतात. एकात लग्नाची पत्रिका असते. दुसरे खाकी असते. ते उघडायला बायको चष्मा आणून देते आणि स्वतः समोर बसून राहते. काही वर्षांपूर्वी माझ्या नावाने असेच एक खाकी पाकीट आले. आत दोन ओळी : 'वेतननिश्चितीतील चुकीमुळे आपणांस जादा रक्कम अदा झाली असून ती आपल्या निवृत्तिवेतनातून हप्त्यांनी वसूल करण्यात येत आहे.' चूक कोणाची, ते लिहिले नव्हते. पाऊस पडतो तशी ती आपली झाली होती.

"अहो, काय केलंत तुम्ही?" हिने विचारले.

चाळीस वर्षे संसार केलेल्या बाईचा पहिला प्रश्न हा! वसुलीच्या कागदाची ताकद ही अशी असते. रक्कम नंतर कापली जाते, अब्रू पाकीट फोडतानाच कापली जाते.

मी त्या कचेरीत गेलो. खिडकीतला मुलगा सज्जन होता. म्हणाला, "आजोबा, मशीनमध्ये असंच येतंय." आमच्या सोसायटीतल्या एका वकिलांनी सांगितले, की सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्येच पंजाबातल्या एका प्रकरणात हे सांगून ठेवले आहे : चूक साहेबाची असेल, तर तृतीय आणि चतुर्थ श्रेणीच्या नोकरांकडून, तसेच निवृत्त झालेल्यांकडून असे पैसे परत काढायचे नाहीत. मी अर्ज केला. तिसऱ्या हप्त्यानंतर वसुली थांबली. थांबल्याचे पत्र मात्र आले नाही. खाकी पाकिटे एकाच कामासाठी छापतात.

ही सगळी कहाणी मी फोनवर आमच्या जावईबापूंना ऐकवली. ते अमेरिकेत मिशिगन राज्यात असतात. ते हसले. "बाबा, तुम्हांला निदान खिडकीत माणूस तरी भेटला!"

मग त्यांनी जे सांगितले ते ऐकून माझा चहा गार झाला. त्या राज्याने २०१३ च्या ऑक्टोबरात बेकारभत्त्यातली लबाडी पकडायला एक संगणकयंत्रणा बसवली. नाव ठेवले 'मिडास'. हात लावील त्याचे सोने करणारा तो ग्रीक पुराणातला राजा! या मिडासने हात लावला की माणसाचा लबाड व्हायचा. युक्ती सोपी होती. कंपनी तीन महिन्यांचा पगार एकत्र कळवायची आणि यंत्र तो सगळ्या आठवड्यांवर सारखा वाटून टाकायचे. म्हणजे गडी ज्या आठवड्यात बेकार बसून भत्ता घेत होता, त्याही आठवड्यात तो कागदावर कमावता! मी सोमवारी पोटभर जेवलो आणि मंगळवारी एकादशी केली, तर सरासरीने मी दोन्ही दिवशी अर्धपोटी जेवलो. सबब माझी एकादशी मोडली, आणि मी खोटारडा.

पुढे प्रश्नपत्रिका. एक प्रश्न असा : भत्त्याला आपण पात्र आहोत असे तुम्हांला का वाटले? त्याखाली उत्तरांचे पर्याय, आणि त्यांत एक : 'मला पैशांची गरज होती.' आता बेकाराला पैशांची गरज नसेल तर कोणाला असेल? इन्कमटॅक्स कमिशनरला? दहा दिवसांत उत्तर आले नाही, तर लबाडी शाबीत. नोटिसा पुष्कळदा जात कुठे, तर त्या माणसाने भत्ता संपल्यावर पुन्हा उघडूनही न पाहिलेल्या संगणकातल्या खात्यात. शिक्षा : मूळ रक्कम, वर तिची चौपट दंड, वर बारा टक्के व्याज. लोकांचे पगार कापले, टॅक्सचे परतावे अडकवले. २०१५ नंतर फेरतपासणी झाली, तेव्हा ज्या बावीस हजारांवर प्रकरणांचा निकाल यंत्राने एकट्याने लावला होता, त्यांतली ९३ टक्के चुकीची निघाली. आमच्या गल्लीतल्या पोपटवाल्या ज्योतिषाचा हिशेब याहून बरा आहे.

"मग काय, चोरांना सोडून द्यायचं?" असे तुम्ही विचाराल. मुळीच नाही. कोरोनाच्या काळात अमेरिकेत बेकारभत्त्याची जी लूट झाली, ती त्यांच्याच सरकारी लेखापरीक्षकांच्या अंदाजाने १०० ते १३५ अब्ज डॉलरांची होती. पण ती लुटली कोणी? त्यात मोठा हात होता तो दुसऱ्यांची नावे चोरून अर्ज करणाऱ्या टोळ्यांचा. टोळी आपला पत्ता कधी खरा लिहीत नाही. खरा पत्ता लिहितो तो कारखान्यातून कमी केलेला फिटर. वसुलीचा पोस्टमन जायचा कोणाच्या दारात? पत्ता असेल त्याच्या!

आणि यावर तिथल्या प्रतिनिधिगृहाने मे २०२३ मध्ये काय विधेयक संमत केले पाहा. लबाडीचे पैसे वसूल करतील त्या राज्यांनी पंचवीस टक्के स्वतःकडे ठेवावेत! अहो, ही आपली चौथाई! थोरल्या बाजीरावांचे घोडे नर्मदेपलीकडे ज्यासाठी गेले, तीच ही. तरी आपले सरदार आपण वसुलीला निघालो आहोत हे लपवत नव्हते. सिनेटात ते विधेयक अडले, नशीब. पण कल्पना मेलेली नाही. अशा कल्पना खाकी पाकिटात जिवंत राहतात.

माझे म्हणणे एवढेच, की पकडणाऱ्याला हिस्सा द्यायचा असेल, तर चुकीचा पकडला तर त्यानेही चौपट भरावे. कलम एका ओळीचे आहे. आधी पुरावा कचेरीने द्यावा, मग पगाराला हात लावावा. हिशेब कचेरीचा चुकला असेल तर तो तोटाही कचेरीचाच. यात क्रांतिकारक असे काय आहे? आमचा वाणीसुद्धा चुकून जादा सुटे पैसे देऊन बसला, तर पुढच्या महिन्यात माझ्या घरी हवालदार पाठवत नाही. पाठवायची पाळी आलीच, तर निदान आधी आपली वही दाखवील.

मिशिगनच्या गरिबांना दाद मागायलाच २०२२ साल उजाडले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, राज्यावर नुकसानभरपाईचा दावा लावता येतो, एवढे मान्य केले आणि मग दोन कोटी डॉलरांवर तडजोड झाली. तोपर्यंत कित्येकांची दिवाळखोरी होऊन गेली होती.

माझे कापलेले तीन हप्ते अजून परत यायचे आहेत. ते 'प्रक्रियेत' आहेत. परवा मी एक खाकी पाकीट विकत आणले आणि कचेरीला पत्र धाडले. बारा टक्के व्याज लावले आहे. उत्तराला दहा दिवसांची मुदत दिली आहे. चौपट दंड तेवढा ही म्हणाली म्हणून माफ केला.