जुना टाकला नाहीस ना?

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण घरच्यांना ठाऊक आहेच: गॅरेज. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. माझ्याकडे १९७१ सालची एक एमजीबी आहे. दोन सीटची, उघड्या टपाची, हिरवी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. घेतली तेव्हा त्यात गाडी कमी आणि गंज जास्त होता. चार वर्षं तिच्या मागे लागलोय. पुण्याहून मावशीचा फोन आला की पहिला प्रश्न, "काय रे, चालायला लागली का ती?" जणू घरात रांगतं बाळ आहे :)

तर आज जरा मत मांडायचंय. जुनी गाडी पुन्हा उभी करताना पार्ट कोणते घालावेत?

लोकांना वाटतं, जुन्या गाडीचे पार्ट मिळत नाहीत हीच अडचण असणार. एमजीबीचं उलटं आहे. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनला १९६२ ते १९८० या काळात ती पाच लाखांहून जास्त बनली, त्यामुळे आजही तिचं जवळजवळ सगळं नवं मिळतं. अगदी अख्खी बॉडीसुद्धा! ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने जुने साचे शोधून काढले आणि १९८८ पासून नव्या बॉड्या बनवायला घेतल्या. म्हणजे कॅटलॉग उघडायचा आणि खुणा करत सुटायचं. सुरुवातीला मीही तेच केलं. दिसला जुना पार्ट की काढ, नवा घाल. एकाच वस्तूचे तीन भाव असले तर मधला घ्यायचा. मध्यमवर्गीय संस्कार, दुसरं काय.

मग गेल्या वर्षी बाबा आले. मोठ्या कौतुकाने त्यांना ए ३४ वर फिरवायला नेलं. छान ऊन होतं, टप उघडा, बाबांच्या डोक्याला माकडटोपी. आणि चालत्या गाडीचं इंजिन खटकन बंद! मागून येणारा ट्रक जेवढ्या जोरात हॉर्न वाजवत गेला ना, तो अजून कानात आहे. कशीबशी घरंगळत कडेला घेतली.

मी पेट्रोल पंप बघतोय, वायरी हलवतोय. बाबा शांतपणे म्हणाले, "शेवटचं काय बदललंस?"

"रोटर. पण तो नवा आहे हो."

"मग आधी तोच बघ. आणि जुना टाकला नाहीस ना?"

रोटर म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाखाली फिरणारा अंगठ्याएवढा तुकडा. स्पार्क कुठल्या सिलिंडरला जायचा ते तो ठरवतो. माझा जुना रोटर उत्तम चालत होता, "सर्व्हिस करतोच आहे तर" म्हणून बदलला होता. नव्यात पितळेची पट्टी रिव्हेटने ठोकलेली होती आणि तिच्याखालचं प्लास्टिक पातळ. स्पार्कने प्लगकडे जायचं सोडून रिव्हेटमधून खालच्या दांड्यात वाट काढली होती. जुना डिकीतल्या बिस्किटाच्या डब्यात सापडला. बसवला, आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू.

बाबांनी वीस वर्षं चेतक चालवली. तिच्या डिकीतही असाच एक डबा असायचा. त्यात जुना प्लग, जुनी क्लचची केबल. लहानपणी मला तो निव्वळ चिकटपणा वाटायचा. आता कळतं, जुना पार्ट निदान परीक्षा पास झालेला असतो. नव्याची व्हायचीय.

पण थांबा. म्हणून "जुनं ते सोनं" असं मी म्हणत नाहीये. आमच्या ओळखीत असे काही सद्गृहस्थ आहेत, ज्यांना स्क्रूसुद्धा १९७१चा लागतो. जुन्या स्टॉकमधलं न वापरलेलं, मूळ खोक्यातलं ब्रेकचं रबर मिळालं की त्यांना लॉटरी लागल्यासारखं होतं. अहो, पण रबर खोक्यात बसून म्हातारं होतंच की! पन्नास वर्षांचं रबर ब्रेकमध्ये घालणं हा अस्सलपणा नव्हे, हा वेडेपणा. पेट्रोलचंही तसंच. इंग्लंडात २००० सालापासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झालं. ते शिसं व्हाल्व्हच्या सीटची झीज थांबवायचं, म्हणून आता हेडमध्ये कठीण धातूच्या सीट घालून घेतलेल्या बऱ्या. २०२१च्या सप्टेंबरपासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्याने जुन्या जातीचे रबरी पाइप खराब होतात. मग तिथे मूळचा पाइप शोधत बसायचं? इथेनॉल सोसणारा पाइप घ्यायचा आणि मोकळं व्हायचं.

आणि एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. २०१८च्या मे महिन्यापासून इथे चाळीस वर्षांहून जुन्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक एमओटी तपासणीची सक्ती नाही. सगळे खूश झाले. मी जरा घाबरलो. म्हणजे ही गाडी रस्त्यावर न्यायच्या लायकीची आहे का, हे बघणारं माझ्याशिवाय कोणीच नाही. (मी तरी दरवर्षी पैसे भरून तपासून घेतो.) पार्ट निवडणं हे तेव्हापासून मला हौसेचं काम वाटेनासं झालंय.

एमजीबीला वेगळी चॅसी नाही. दाराखालून दोन चाकांच्या मधे जी पत्र्याची पेटी जाते, ती सिल, गाडीचा भार पेलते. टप नसलेल्या गाडीत तर फारच. ती नीट बदलायची म्हणजे पुढच्या-मागच्या पंखांचा पत्रा खालून कापावा लागतो, दारं जागेवर ठेवून फटी मोजत काम करावं लागतं, नाहीतर बॉडी मधेच वाकते. त्यापेक्षा सोपं काय? गंजक्या सिलवर नवा पत्रा चढवायचा आणि रंग मारायचा. माझ्या गाडीत असे तीन थर निघाले! वरून चकाचक, आत पापडाचा चुरा. कोणीतरी या गाडीत माणसं बसवून ती चालवत होतं. त्या दिवशी खरंच पोटात गोळा आला.

म्हणून आता माझा हिशोब सरळ आहे. जिथे जीव अडकलाय (ब्रेक, स्टिअरिंग, सिल, पेट्रोलची लाइन) तिथे मिळेल ते उत्तमातलं उत्तम, मूळचं असो वा नसो. सीटबेल्टसुद्धा मी आजच्यासारखे आपोआप गुंडाळणारे घातले. जाणकारांनी नाकं मुरडली, मुरडू देत. जिथे नुसती झीज आहे तिथे नवा पार्ट घ्यायच्या आधी जुना दुरुस्त होतो का बघायचं. माझे दोन्ही एसयू कार्ब्युरेटर जुनेच आहेत, फक्त दांडा आणि बुश नवे. आणि जे नुसतं दिसण्यासाठी आहे ते सगळ्यात शेवटी. बंपरचं क्रोम अजून काळवंडलेलंच आहे. गिअरची मूठ आधीच्या मालकाच्या हाताने गुळगुळीत झालेली, ती तर बदलणारच नाही.

गंमत म्हणजे बहुतेक जण बरोबर उलटं करतात. आधी क्रोम, मग रंग, आणि ब्रेकच्या पाइपापर्यंत येईस्तोवर पैसे संपलेले. मी करत होतो तेच की.

आणि नवा पार्ट निदान हजार मैल चालेपर्यंत जुना टाकायचा नाही. हा बाबांचा नियम.

परवा लेक पहिल्यांदा शेजारच्या सीटवर बसली. बेल्ट स्वतः लावला, आणि निघताना विचारलं, "आजोबांचा डबा घेतलास?" घेतला होता.

मावशी, हो. चालायला लागली.

तुमच्या डब्यात काय काय आहे, कळवा बरं.