फलंदाजांचा महाराष्ट्र

महाराष्ट्राच्या क्रिकेट संघानें रणजी करंडक आजवर दोनच वेळां जिंकला, १९३९-४० सालीं व लागोपाठ १९४०-४१ सालीं. त्या दोन्ही खेपेस कर्णधार होते पुण्याचे संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर. त्यानंतर २०२४-२५ चा हंगाम संपेपर्यंत तो करंडक ह्या संघाकडे पुन्हां आलेला नाहीं. १९७०-७१, १९९२-९३ व २०१३-१४ ह्या तीन सालीं संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि रिक्त हस्तें परतला.

याचें कारण विचारलें असतां कोणी दैवाकडे बोट दाखवितो, तर कोणी म्हणतो, चांगले खेळाडू बाहेर जातात. दुसऱ्या म्हणण्यांत तथ्य आहे. विजय हजारे यांनीं १९३९-४० सालीं महाराष्ट्राच्या वतीनें बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या आणि पुढें ते त्याच बडोद्याकडून खेळूं लागले. खेळावर ज्याचा चरितार्थ चालतो तो जेथें आश्रय मिळेल तेथें जाणारच. त्यास बोल लावणें आम्हांस उचित वाटत नाहीं. परंतु ऐंशीं वर्षांहून अधिक काळाच्या अपयशास एवढें एक कारण पुरत नाहीं. आमच्या मतें दोष आपणां सर्वांच्या आवडींत आहे. आपणांस धावा काढणारा आवडतो. गडी बाद करणाऱ्याचें नांवहि आपल्या स्मरणांत राहत नाहीं.

१९४८ च्या डिसेंबरांत पुण्यास झालेला काठियावाडविरुद्धचा सामना घ्या. भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ वर खेळत होते. ब्रॅडमन यांचा नाबाद ४५२ चा उच्चांक मोडावयास अवघ्या दहा धावा उणीव होती. अशा वेळीं काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनीं पुढें खेळण्याचें नाकारून सामनाच सोडून दिला! हें वर्तन खिलाडूपणास शोभणारें नव्हतें. आणि एवढा मोठा फलंदाज कसोटी सामन्यांत एकदांहि घेतला गेला नाहीं, याचा खेद कोणास वाटणार नाहीं? ही हकीकत आमच्या सातवींतील मुलांसहि तोंडपाठ आहे. पण त्याच सामन्यांत काठियावाडचा पहिला डाव २३८ धावांत कोणीं संपविला, असें आम्हीं वर्गांत विचारलें तेव्हां एकहि हात वर झाला नाहीं.

२०१६ सालीं वानखेडे मैदानावर स्वप्निल गुगळे (नाबाद ३५१) व अंकित बावणे (नाबाद २५८) यांनीं दिल्लीविरुद्ध ५९४ धावांची अभंग भागी केली. रणजी सामन्यांत एवढी मोठी भागी पूर्वीं कधीं झाली नव्हती. वर्तमानपत्रें तिच्या वर्णनानें भरून गेलीं. सामन्याचें काय झालें? दिल्लीनेंहि ५९० धावा काढल्या, त्यांत एकट्या ऋषभ पंत याच्या ३०८. आणि सामना अनिर्णित राहिला.

कोणी म्हणेल, देवधरांचा संघ तरी फलंदाजीवरच चालला होता ना? मुंबईच्या ६५० धावांविरुद्ध त्यांनीं ६७५ धावा काढल्या, त्यांत पन्नाशीला टेकलेल्या देवधरांच्या स्वतःच्या २४६! तें खरें. परंतु अंतिम सामने त्यांनीं कसे जिंकले तें पाहावें. संयुक्त प्रांतावर १० गडी राखून आणि मद्रासवर ६ गडी राखून. प्रतिपक्षाचे दोन्ही डाव संपविल्यावांचून असा विजय मिळत नाहीं. २०१३-१४ सालींहि केदार जाधव यांच्या १२२३ धावांचा जितका बोलबाला झाला, तितका समद फल्लाह व अनुपम संकलेचा यांच्या द्रुतगति गोलंदाजीचा झाला नाहीं. अंतिम सामन्यांत कर्नाटकानें ५१५ धावा उभारल्या व ७ गडी राखून करंडक नेला.

शेजारचा विदर्भ पाहा. १९५७-५८ पासून खेळणाऱ्या ह्या संघास कोणी खिजगणतींत धरीत नसे. २०१७-१८ सालीं इंदूरच्या अंतिम सामन्यांत रजनीश गुरबानी यानें दिल्लीचे तीन गडी लागोपाठच्या तीन चेंडूंवर टिपले आणि विदर्भास पहिला करंडक मिळाला. २०१८-१९ व २०२४-२५ सालीं तो पुन्हां मिळाला. शेवटच्या सालीं हर्ष दुबे यानें एकाच हंगामांत ६९ गडी बाद करून नवा उच्चांक केला. करंडक मिळविणाऱ्या ह्या मुलखांत आणि आपल्यांत अंतर आहे तें येथें.

आमच्या क्रीडांगणावरहि सायंकाळीं तंटा होतो तो बॅटीसाठीं. चेंडू टाकण्याचें काम धाकट्या मुलांवर ढकललें जातें. पालकहि मुलास बॅट घेऊन देतात आणि घरीं आल्यावर ‘किती धावा केल्यास?’ एवढेंच पुसतात. शाळेच्या सामन्यांत सर्वांत अधिक धावा काढणारास चषक देण्याची चाल आहे; गोलंदाजास कांहींच नाहीं. पुढील वर्षापासून तितक्याच किंमतीचा दुसरा चषक गोलंदाजास मिळावा, अशी सूचना आम्हीं क्रीडासमितीपुढें मांडली आहे. त्याचा खर्च उचलण्याची कोणा पालकाची इच्छा असल्यास त्यांनीं उन्हाळ्याच्या सुटीपूर्वीं समितीच्या चिटणिसांस कळवावें.